काळ्या मातीचा रस्ता आणि जुन्या गाडीचा शॉकअप

भातकुली तालुक्यातल्या रस्त्यांचा एक स्वभाव आहे आणि तो इथे रोज गाडी चालवणाऱ्याच्या कंबरेला पुरता ठाऊक आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली ही खोल काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर अंथरलेले डांबर तिच्याबरोबर वर-खाली होते. म्हणून नव्या कोऱ्या रस्त्यावरही काही पावसाळ्यांत खड्ड्यांच्या आधी लाटा उठतात. लांबून पाहिले तर रस्ता सपाट दिसतो, पण गाडी त्यावर आली की होडीसारखी डुलायला लागते. त्याच रस्त्यावरून उतरून शेताकडच्या पांदणीला लागले की दुसरा प्रकार सुरू होतो. उघडा मुरूम, त्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या बारीक आडव्या वळ्या, दात वाजवणारा कडकडाट.

या दोन रस्त्यांची आठवण आज काढायचे कारण वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत वऱ्हाडात जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करण्याची हौस वाढते आहे. कापसाच्या चांगल्या वर्षी घेतलेली प्रीमियर पद्मिनी, आजोबांची अँबॅसिडर, जिनिंगच्या आवारात पडून राहिलेली महिंद्रची जीप. या गाड्या शेडमधून, वाड्याच्या ढेलजेतून बाहेर निघत आहेत. रंगावर महिने जातात. बंपरला नवे क्रोम चढते, सीटची कव्हरे जुन्या फोटोशी ताडून शिवली जातात. शॉकअप मात्र सगळ्यात शेवटी, फोनवर, दहा मिनिटांत मागवला जातो. ‘पद्मिनीचे चार पाठवा, कडक पाहून द्या,’ एवढीच त्याची निवड. आमचे म्हणणे असे की उभी केलेली गाडी पुढे चालणार की फक्त पुसून ठेवली जाणार, हे बरेचसे या चार नळ्यांवर ठरते. त्यांच्या निवडीला रंगाच्या छटेइतका तरी वेळ मिळाला पाहिजे.

आधी एक गैरसमज दूर करू. शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. वजन पेलते स्प्रिंग. पद्मिनीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटे, जीपला चारही चाकांना पाटे. स्प्रिंग धक्का गिळते, पण गिळलेली ताकद स्वतःजवळ ठेवत नाही. ती परत फेकते आणि गाडी उसळते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. ही उसळी थांबवणे हे शॉकअपचे काम. त्याच्या नळीत तेल असते, तेलात दांड्याला बसवलेला दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोके व पातळ पोलादी चकत्यांच्या झडपा असतात. चाक हलले की तेलाला या झडपांतून जबरदस्तीने वाट काढावी लागते. उसळीतली ताकद तेथे उष्णता बनते आणि नळीच्या पत्र्यातून हवेत जाते. खराब रस्त्यावर दहा किलोमीटर गेल्यावर चांगल्या शॉकअपला हात लावून पाहा, तो गरम लागतो. चारांतला एकच थंड राहिला असेल, तर तो नुसता लटकलेला आहे.

उसळताना रोखणे हे दबताना रोखण्यापेक्षा महत्त्वाचे असते, ही गोष्ट या धंद्याला अगदी सुरुवातीलाच उमगली होती. अमेरिकेतल्या क्लॉड फॉस्टर यांची गॅब्रिएल कंपनी आधी मोटारीचे सुरेल भोंगे बनवत होती. मग त्यांनी ‘स्नबर’ काढला. त्यात गुंडाळलेला पट्टा असे आणि तो फक्त उसळी धरत असे, दबण्याला अजिबात हात लावत नसे. तेवढ्यानेही लोकांचा प्रवास सुधारला. पुढे तेलाचे शॉकअप आले, दोन्ही दिशांनी काम करू लागले, पण आजही बहुतेक गाड्यांत उसळतानाचा विरोध दबतानाच्या विरोधापेक्षा दुप्पट-तिप्पट ठेवतात. त्याच गॅब्रिएलच्या नावाने १९६१ साली मुंबईत गॅब्रिएल इंडिया उभी राहिली आणि आपल्याकडच्या कित्येक गाड्यांखाली तिचे शॉकअप गेले.

आता पुन्हा भातकुलीच्या रस्त्यावर येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. साध्या मोटारीचा सांगाडा स्प्रिंगवर एका ठरावीक तालाने डुलतो, सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा. काळ्या मातीने उठवलेली लाट समजा अकरा मीटर लांब आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला चौदा मीटर जाते. म्हणजे लाटांचा धक्का सेकंदाला सव्वा वेळा बसतो, नेमका गाडीच्या स्वतःच्या तालावर. पाळण्याला योग्य वेळी हलका झोका देत राहिले की तो उंच जातो, तसेच हे. मेलेल्या शॉकअपची पद्मिनी अशा रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या लाटेला डोके छताला टेकवते, आणि बसणाऱ्याला वाटते की स्प्रिंगच गेली. इथे विरोध लागतो तो दांडा सावकाश सरकत असतानाचा.

पांदणीवरचे गणित उलटे आहे. तिथल्या वळ्या अर्ध्या-पाऊण मीटरच्या. ताशी ३० किलोमीटरला सेकंदात बारा-चौदा धक्के. हा ताल सांगाड्याचा नाही, चाकाचा आणि एक्सलचा आहे. इथे दांडा फार वेगाने, थोडेथोडे सरकतो. शॉकअप जर या वेगालाही हटून बसला, तर धक्का स्प्रिंगपर्यंत पोचतच नाही. तो सरळ बॉडीत जातो. त्याहून वाईट म्हणजे उसळताना अति कडक असलेला शॉकअप चाकाला खाली यायला वेळ देत नाही. चाक अर्धे वरच असते तेवढ्यात पुढची वळी येते, मग त्याच्याही पुढची. गाडी हळूहळू खाली ओढली जाते, स्प्रिंगची चाल संपते आणि चालकाला वाटते की शॉकअप अजून कडक हवा.

म्हणून जुन्या गाडीसाठी चांगला शॉकअप तो, जो सावकाश हालचालीला घट्ट धरतो आणि झटक्याला वाट करून देतो. हे काम झडपेच्या चकत्यांच्या रचनेचे आहे, दुकानाच्या काउंटरवर ते दिसत नाही. तिथे आपण काय करतो? शॉकअप उभा धरतो, दोन्ही हातांनी दाबतो आणि जो सगळ्यात जड जातो तो उचलतो. हाताने दाबताना दांडा ज्या गतीने सरकतो, त्याच्या कितीतरी पट वेगाने तो पांदणीवर पळतो. हाताची परीक्षा रिकामा, हवा शिरलेला किंवा अडकणारा नग ओळखण्यापुरती ठीक आहे, त्यापुढे तिच्यावर भरवसा ठेवू नये. ‘भाऊ, कडक टाकून देऊ, मंग पाहा गाडी हालते का!’ हे मिस्त्रीचे प्रेमाचे वाक्य असते, आणि गाडी खरोखर हालत नाही. पण मग पन्नास वर्षांचा पत्रा हालतो. पद्मिनीच्या शॉकअपच्या वरच्या बैठकीजवळ केसासारखी चीर पडली, तर रंगाखाली ती वर्षभर दिसत नाही.

मूळ आकड्यांकडे परत जाणे हाच सुरक्षित मार्ग. पद्मिनी ही फियाट ११०० च्या घराण्यातली गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली. १९६४ साली डिलाइट आली, १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे इंजिन, ५.२०-१४ मापाचे अरुंद टायर, हलकी बॉडी, मऊ स्प्रिंगा. इटलीच्या अभियंत्यांनी या सगळ्याचा मेळ घालून तेलाचा, दुहेरी नळीचा साधा शॉकअप दिला होता. आत एक नळी, बाहेर तेलाचा साठा ठेवणारी दुसरी. त्यातले एक बदलले की बाकीच्यांचा मेळ बिघडतो. जीपच्या पाट्यात कापसाची बोंद वाहायला एक पान वाढवले, टायर रेडियल टाकले, मागच्या सीटखाली गॅसची टाकी बसवली. मग शॉकअप मूळचा चालणार नाही हे खरे. पण किती बदलायचा? स्प्रिंग २० टक्के कडक झाली, तर तिला आवरणारा विरोध साधारण १० टक्केच वाढावा लागतो. गाडीचा ताल स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणून. दुप्पट कडक शॉकअपची गरज जवळपास कधीच पडत नाही.

त्याही आधी पाटे तपासा. शॉकअप बदलूनही गाडी बसलेलीच राहिली अशी तक्रार येते, तेव्हा दोष बहुधा पाट्यांचा असतो. वर्षानुवर्षे ओझ्याखाली त्यांचा बाक सरळ होतो. पाने गंजून एकमेकांना चिकटली असतील तर ते घर्षण स्वतःच शॉकअपचे काम करत असते, वेडेवाकडे आणि खडखडीत. पाने सोडून, घासून, ग्रीस लावून, बाक पुन्हा चढवून पाटा बसवला की गाडी एकदम मऊ होते. तिला कोणता शॉकअप लागेल हे त्यानंतर कळते. हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात.

गॅसच्या शॉकअपबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण सध्या सल्ला त्याचाच मिळतो. तेलात हवा मिसळली की फेस होतो आणि फेसाला विरोध नसतो. पांदणीवर लांब पल्ला मारल्यावर साधा शॉकअप काही वेळ ढिला पडतो तो यामुळे. अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेलेला असताना तेल आधीच पातळ झालेले असते, त्यात ही भर. नायट्रोजनचा दाब दिला की फेस आटोक्यात राहतो. फ्रान्सच्या क्रिस्तियां बूर्सिए द कार्बों यांनी एकेरी नळीचा, जास्त दाबाचा शॉकअप घडवला, १९५० च्या दशकात तो युरोपच्या गाड्यांत गेला. कल्पना उत्तमच आहे. पण दाबाला किंमत असते. दांडा १२ मिलिमीटर जाडीचा आणि आतला दाब २५ बार असेल, तर दांडा सतत सुमारे २९ किलोच्या जोराने बाहेर ढकलला जातो. जड आधुनिक गाडीला तो कळत नाही. पद्मिनीसारख्या हलक्या गाडीला मात्र तो वर उचलून धरतो, आणि जोराच्या दाबाखाली घट्ट बसलेल्या सीलमुळे बारीक धक्क्यांना दांडा आधी अडतो. कमी दाबाच्या, पाचेक बारच्या दुहेरी नळीच्या गॅस शॉकअपमध्ये हाच जोर सहा किलोच्या आसपास असतो. उन्हाळ्यात पांदणीवर गाडी खरोखरच फिरवणार असाल, तर तो मधला मार्ग आम्हाला पटतो. लग्नाच्या वरातीला आणि रविवारी अमरावतीपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला साधे तेलाचे पुरे.

लांबीची चूक मात्र कडकपणाच्या चुकीपेक्षा महागात पडते. ‘याच गाडीचा आहे’ असे खोक्यावर लिहिलेले असते, पण आतला नग दुसऱ्याच गाडीचा असू शकतो, फक्त बुश बदललेला. म्हणून टेप घेऊन गाडीखाली जायचे. जुना शॉकअप काढून टाकायचा. जॅकने एक्सल वर घ्यायचा, थेट रबरी ठोकळ्याला टेकेपर्यंत, आणि वरच्या व खालच्या बैठकीतले अंतर मोजायचे. मग चाक मोकळे लोंबू द्यायचे आणि पुन्हा मोजायचे. नवा शॉकअप पूर्ण दाबल्यावर पहिल्या मापापेक्षा पंधरा-वीस मिलिमीटर तरी आखूड असावा, पूर्ण ओढल्यावर दुसऱ्या मापापेक्षा तेवढाच लांब. तो आखूड पडला तर प्रत्येक खड्ड्यात चाकाचे सगळे वजन त्याच्या दांड्यावर लटकेल, आणि लांब पडला तर ठोकळ्याआधी त्याचाच तळ ठोकला जाईल. तळ फुटला तर तेल जाते. दांडा तुटला तर तो पत्रा फाडून वर येतो.

अँबॅसिडरची गोष्ट वेगळी. हिंदुस्तान मोटर्सने उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनवलेल्या या गाडीच्या सुरुवातीच्या नगांना नळीचा शॉकअप नव्हता. ओतीव धातूची डबी, तिच्यातून निघालेला दांडा आणि आत तेल ढकलणारे दट्टे व झडप, असा तिचा जुना इंग्रजी घाट. पुढच्या चाकाला हा दांडा नुसती उसळी धरत नाही, चाकाला वरून सांभाळणारा हातही तोच असतो. त्यामुळे त्याची भोके झिजली की चाकाचा कोन बदलतो आणि टायर एका बाजूने खातो. डबी काढून टाकून नळीचा शॉकअप बसवला तरी तो हात जागेवर ठेवावाच लागतो, हे विसरले जाते. अशा डब्या पुन्हा भरता येतात, त्यांचा शाफ्ट ग्राइंड करून नवा बुश घालता येतो. तेल मात्र शॉकअपचेच हवे. इंजिनचे जाड तेल टाकले तर थंडीत गाडी दगड होते, ब्रेकचे तेल टाकले तर जुन्या रबराच्या सीलची वाट लागते.

नळीच्या शॉकअपला भोक पाडून तेल भरायचे आणि वेल्डिंगने बुजवायचे, हा प्रकार मात्र थांबला पाहिजे. दाबाखाली चालणाऱ्या वस्तूवर, तेल आत असताना, ज्योत लावणे धोक्याचे आहे. त्यातून जे मिळते ते महिनाभरही टिकत नाही. गिऱ्हाईक गरीब आहे म्हणून आपण हे करतो असे कारागीर सांगतात आणि त्यात सचोटी असते. पण जुना दांडा खड्डे पडून खडबडीत झालेला असतो, तो नव्या सीललाही चार दिवसांत कापतो. क्रोम गेलेला दांडा नखाने तपासता येतो. नख अडकले की तो नग बाद.

जुन्या दुकानात तीस वर्षे पडून राहिलेला ‘ओरिजनल’ मिळाला म्हणून हरखून जाणाऱ्यांनाही सांगावेसे वाटते. आमच्या ओळखीच्या एकाने अशी जोडी शोधून आणली, खोक्यावरची छपाईसुद्धा शाबूत. बसवल्यावर तिसऱ्या दिवशी दोन्ही नळ्यांवर तेलावर चिकटलेल्या धुळीची साल दिसू लागली. रबर वापरून जितके म्हातारे होते तितकेच न वापरताही होते. असा नग सील बदलून वापरायचा असतो किंवा माप घेण्यापुरता कपाटात ठेवायचा असतो. माप म्हणून तो सोन्याचा आहे.

कायद्याचाही एक संबंध आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांची वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी तिला पात्र. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नोंदणी दहा वर्षे चालते. १९७४ ची पद्मिनी नुकतीच पन्नाशी ओलांडून या दारात उभी आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांच्या मर्यादेमुळे उतरली, तेव्हा ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांच्यावरची जबाबदारी वाढली. लांब शॉकअप बसावा म्हणून बैठक कापणे, चेसिसला नवा ब्रॅकेट डागणे, हे करण्याआधी दहादा विचार करावा. बोल्टने बसते आणि बोल्टने निघते, तेवढाच बदल करावा.

यात एकट्या मालकाला दोष देऊन भागणार नाही. सुटे भाग बनवणाऱ्यांनी खोक्यावर गाडीच्या नावाबरोबर पूर्ण दाबलेली लांबी, पूर्ण ओढलेली लांबी आणि दोन्ही दिशांचा विरोध छापावा. हे आकडे त्यांच्याकडे असतातच. अमरावती-अकोल्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकची मुले शिकतात, त्यांना शॉकअप उघडायला, झडपेच्या चकत्या मोजायला आणि पुन्हा भरायला शिकवणारा एक आठवडा अभ्यासक्रमात असावा. जुन्या गाड्यांच्या मालकांनी आपापल्या गाडीचे मोजमाप एका वहीत टिपून एकमेकांना द्यावे. कुर्ल्याचा कारखाना आता ही मापे सांगायला नाही. ती आता फक्त गाड्यांखाली आणि काही म्हाताऱ्या मिस्त्रींच्या डोक्यात आहेत.

शेवटी बसवण्याबद्दल. नवा दुहेरी नळीचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्याच्या आतल्या नळीत हवा शिरलेली असते. तो जसाच्या तसा लावला तर पहिल्या दिवशीच ‘डिफेक्टिव्ह’ ठरतो. गाडीवर बसतो तसाच उभा धरायचा आणि दांडा पूर्ण ओढायचा. मग नळी उलटी करून दांडा पूर्ण दाबायचा. पुन्हा सरळ करून ओढायचा. पाच-सहा वेळा केले की मधली पोकळ जागा नाहीशी होते आणि दोन्ही दिशांना सलग, न तुटणारा विरोध हाताला लागतो. मग तो आडवा न ठेवता लगेच बसवायचा. एका एक्सलचे दोन्ही बरोबरच बदलायचे. शॉकअपच्या डोळ्यातल्या रबरी बुशचा बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना आवळू नये. चाके जमिनीवर टेकवून, दोघांना मागच्या सीटवर बसवून आवळावा, नाहीतर रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते.

आणि चाचणीसाठी अमरावती-अकोला महामार्गावर जाऊ नये. जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटरचा पट्टा सलग टाकून गिनेस विक्रम झाला. तिथे मेलेला शॉकअपही शहाण्यासारखा वागतो. भातकुलीच्या लाटांच्या रस्त्यावर ताशी ५० ने न्यावी. एका लाटेनंतर गाडी एकदा वर येऊन दीडाव्या हेलकाव्याला शांत झाली, की तिथून पांदणीला वळावे, ३० च्या वेगाने एक किलोमीटर चालवावे, थांबून खाली उतरावे आणि चारही नळ्यांना हात लावून पाहावा.